शनवारचा विस्तव

"अगो शनवारणी, दार उघड! विस्तव आणलाय गो, हात भाजतो माझा!"

ही हाक बंद होऊन पन्नास वर्षं झाली, तरी जेकबच्या कानातून गेली नव्हती. हाक घालायची शेजारच्या घरची हाजराची आई. शनवारी सकाळी, अंगणात दव असताना, हातात खापरीचा तुकडा नि त्यावर नारळाच्या सोडणाचे लाल निखारे. तिच्या मागून पाच वर्षांची हाजरा फुंकर घालत यायची, राखेनं नाक पांढरं झालेली.

घर यहुद्यांचं, शनवार त्यांचा देवाचा, विसाव्याचा वार. जेकबच्या बापाचा तेलाचा घाणा होता. आठवड्यातले सहा दिवस बैल फिरायचा, सातव्या दिवशी त्याच्या डोळ्यांवरची झापड निघायची. म्हणून कासूपासून पेणपर्यंत लोक या घराला शनवार तेली म्हणत. शनवारी काडी ओढायची नाही, चूल पेटवायची नाही. दुसऱ्या कुणाला 'पेटव' म्हणून सांगायचंही नाही. पण न सांगता कुणी विस्तव घेऊन आलं, तर दार उघडायला कुठं मनाई होती? हाजराच्या आईला कुणी कधी सांगितलं नाही. ती गेली, मग हाजरा येऊ लागली. तिचं लग्न याच गावात झालं, चार घरं सोडून. ती विधवा होऊन पुन्हा माहेरच्या घरात आली. या सगळ्यात शनवारचा विस्तव एकदाही चुकला नाही. आता घराघरात काडेपेटी होती, जेकबच्या बायकोकडे, रेबेकाकडे, गॅसही होता. तरी हाजरा आपल्या चुलीतलेच निखारे आणायची. म्हणायची, "काडीचा विस्तव परका असतो गो."

चौऱ्याण्णव सालच्या मार्गशीर्षातल्या एका शनवारी, असाच विस्तव आणताना जेकबच्या गाडीनं हाजराचा हात मोडला.

धुकं होतं. भाताच्या रिकाम्या खाचरांत वाल वर आला होता नि त्याच्यावर धुकं बसलं होतं. रेबेका झोपेत होती. जेकबनं सदरा घातला, चपला हातात घेतल्या नि अंगणात आला. पनवेलच्या एका डॉक्टरकडून घेतलेली जुनी फियाट कुंपणाकडे पाठ करून उभी होती. लग्नाची, दवाखान्याची भाडी मारायचा जेकब तिच्यावर. रविवार ते शुक्रवार.

त्या दिवशी त्याला रोह्याला जायचं होतं. घर विकत घेणाऱ्या हैबतरावानं निरोप धाडला होता, 'सही करायला शनिवारीच या, रविवारपासून मी महिनाभर नाही.' थोरला एझ्रा सहा वर्षांपूर्वी इस्रायलला गेला होता. आता तो आईबापाला बोलवत होता. सून गरोदर होती. कागद झाले होते. घर विकलं की निघायचं, एवढंच उरलं होतं. आणि हे हाजराला सांगायचं उरलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत दोघं नवराबायको तीन महिने एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

त्यानं गाडी सुरू केली. दिवे लावले नाहीत. हॉर्न दिला नाही. मान वळवून मागं बघितलं, तर काच दवानं आंधळी झाली होती. त्यानं हळूच गाडी मागं घेतली.

ओलं पोतं आपटावं तसा आवाज झाला.

उतरून गेला तर हाजरा मातीत बसली होती. निखारे चहूकडे उडाले होते नि दवावर चुरचुरत होते. उजवा हात मांडीवर होता. मनगटापाशी तो हात तिचा वाटत नव्हता.

"हाजरा!"

तिनं वर बघितलं. ओठ पांढरे झाले होते.

"विस्तव सांडला रे, जेकबभाय," ती म्हणाली.

रेबेका मोकळ्या केसांनी बाहेर आली. तिनं हाजराकडे बघितलं, धूर सोडणाऱ्या गाडीकडे बघितलं, नवऱ्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघितलं.

"शनवारी?" एवढंच म्हणाली नि हाजराला उठवायला वाकली.

जेकबनं त्याच गाडीतून हाजराला पेणला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. वडखळपर्यंत ती कण्हली, पुढं तेही बंद झालं. कुठं निघाला होतास, हे तिनं विचारलं नाही. पेणला उतरल्यावर जेकबनं बघितलं, डिकीवर राखेची पाच बोटं उमटली होती. खिशातला रुमाल त्यानं बाहेर काढला नि परत आत ठेवला.

*

रविवारी जेकब नि हाजरा चौकीवर गेली. डॉक्टरनंच सांगितलं होतं, नोंद करा म्हणून. हाजराचा मुलगा मुराद सहा आसनी रिक्षात वऱ्हाड घेऊन श्रीवर्धनला गेला होता, तो सोमवारी यायचा होता. सून खुशनुमा बाळंतपणाला माहेरी.

हवालदार काळुराम जेकबला ओळखत होता. त्यानं चहा मागवला, कागद पुढं ओढला.

"कदी झालं?"

जेकबनं तोंड उघडलं.

"काल म्हनू नका हां तेलीबुवा!" काळुराम हसला. "शनवारी तुमी काडी वढत नाय, नि गाडी वढाल? आमच्या म्हातारीला वार इचारला तर ती तुमच्या घाण्याकडं कान लावायची. घाणा गप, म्हंजे शनवार. आज सकाळीच झालं म्हणा ना."

त्यानं लिहिलंसुद्धा. रविवार, सकाळी सहाच्या सुमारास, दाट धुक्यात.

जेकबचं तोंड उघडं होतं, ते मिटलं. बाप डोळ्यांपुढं आला, बैलाची झापड सोडणारा. जेकबनं मान डोलावली.

काळुरामनं हाजराकडे बघितलं. "बाई, बरोबर?"

गळ्यात अडकवलेला पांढरा हात सावरत हाजरा म्हणाली, "व्हय. रविवारच."

मग अंगठा उठवायची वेळ आली. ती सही करायची, चार अक्षरं येत होती तिला. आता उजवा हात प्लास्टरमध्ये होता. काळुरामनं तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली. अंगठा कागदावर टेकवताना ती शरमली नि पदराला पुसत राहिली, शाई जाईपर्यंत.

*

हाजराचं पोट भाकरीवर होतं. कासूच्या फाटकावरच्या हॉटेलात ती रोज चाळीस तांदळाच्या भाकऱ्या द्यायची. मुराद कुवेतहून लढाईत अंगावरच्या कपड्यांनिशी परत आला, तेव्हापासून त्या चाळीस भाकऱ्यांनी घर धरलं होतं. रिक्षा नंतर आली, तीही हप्त्यावर.

रेबेका झुंजुमुंजूला उठून हाजराच्या चुलीपुढं जाऊन बसू लागली. गिरणीच्या पिठाची भाकरी चिरते म्हणून जात्यावरच दळायचं. एरवी दोघी समोरासमोर बसून खुंटा ओढायच्या. आता रेबेका एकटी ओढायची नि हाजरा डाव्या हातानं जात्यात तांदळाची वैरण घालायची.

जात्याला खुंटा एक, हात धरिती दोघीजणी
पिठात ओळखंना, तुझे तांदूळ, माझी कणी.

हाजरा म्हणायची. रेबेकाला पुढची ओळ धरायला दम पुरायचा नाही.

"पान्याचा हात लाव गो," हाजरा सांगायची. "दाबू नको, थापट. लेकराला निजवतेस तशी."

रेबेकाची भाकरी कडेला चिरायची. पहिल्या दिवशी हॉटेलवाल्यानं अकरा परत धाडल्या नि निरोप दिला, भाकरी हाजराची पाहिजे, हिची नको. रेबेकानं त्या अकरा भाकऱ्या घरी आणल्या. नवराबायकोनं दोन दिवस त्याच खाल्ल्या, कोरड्या.

एकदा जातं थांबवून रेबेका म्हणाली, "हाजरा, गो…"

"काय?"

"काय नाय. वाल कदी काढायचे यंदा?"

"अजून फुलं हायत वालाला," हाजरा म्हणाली, नि बराच वेळ खुंट्याकडे बघत राहिली.

जेकब हाजराच्या ओट्यावर अंड्यांची पिशवी ठेवून यायचा. संध्याकाळी ती पिशवी त्याच्या कुंपणावर लटकलेली असायची, तशीच. एकदा मुरादच घेऊन आला.

"जेकबचाचा, हे नको," तो म्हणाला. तो चपला घालूनच उभा राहिला, ओट्यावर बसला नाही. "मी अलिबागला दावा टाकलाय. गाडीचा इमा हाय ना तुमच्या? मग इमा कंपनी देईल. तुमच्या खिशातलं मला नको."

"मुराद, मी काय परका हाय?"

"परके नाय म्हणूनच. अंडी खाल्ली की तोंड बंद होतं माणसाचं."

प्लास्टर काढलं तेव्हा मनगट वाकडंच जुळलं होतं. मूठ वळत नव्हती. डॉक्टर म्हणाला, पुन्हा मोडून आत पट्टी घालावी लागेल, मुंबईला. लवकर केलं तर बोटं परत येतील. उशीर झाला तर सांगता येत नाही. रिक्षाच्या हप्त्यात ते बसणारं नव्हतं. सगळं त्या दाव्यावर येऊन ठेपलं.

पौषाच्या शेवटी विम्याचा एजंट जगन स्कूटरवरून आला. स्कूटर बंद न करताच बोलू लागला.

"तेलीबुवा, दावा फेटाळणार कंपनी. डॉक्टरच्या कागदावर शनिवार, तुमच्या जबानीत रविवार. साहेब म्हणतो, बनावट केस. गुरुवारी पेणच्या ऑफिसात बोलावलंय सगळ्यांना."

जेकब ओट्यावरून खाली उतरला.

"काय खरं ते मला नका सांगू. पण एक ऐका. जबानी बदललीत, तर पोलिसात खोटं सांगितलं म्हणून लचांड लागंल. परदेशी जायला पोलिसांचा दाखला पायजे ना? तो अडकला म्हणजे तुमचं इस्रायल…"

"हळू बोल," जेकब हाजराच्या घराकडे बघत म्हणाला.

त्या रात्री जेवताना त्यानं रेबेकाला सांगितलं. ती ताटातला भात गोळा करत राहिली.

"नातू आठ दिवसांचा होईल, त्याच्या सुनतेला मला तिथं असायचं होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "भाकरी आजबी चिरली माझी."

*

पेणच्या ऑफिसात पंखा होता, लावला नव्हता. साहेब चाळिशीतला, चष्मा कपाळावर चढवलेला. त्याच्यापुढं एका बाकावर हाजरा नि मुराद, दुसऱ्यावर जेकब.

"बाई, कुठला वार होता?"

"रविवार."

"नीट आठवा."

"रविवारच, साहेब."

"मग शनिवारी डॉक्टरनं प्लास्टर घातलं ते कुणाच्या हाताला? शेजारणीच्या?" साहेबानं कागद शिपायाकडे धरला. शिपाई दात काढून हसला.

"डाक्टर चुकला असंल," हाजरा म्हणाली.

"डॉक्टर चुकला, रजिस्टर चुकलं, एक्सरेवरची तारीख चुकली. तुम्हीच तेवढ्या बरोबर." साहेबानं चष्मा खाली घेतला. "बाई, असे दावे रोज येतात. घरात पडायचं नि गाडीवर ढकलायचं. मी 'बनावट' असा शेरा मारला की संपलं. हात तुमचा आहे."

मुराद आईकडे वळला. "अम्मा, शनवार होता काय? मी श्रीवर्धनला होतो… अम्मा, खरं सांग."

"मुराद, गप."

"अगो, हात जाईल तुझा!"

"जाऊ दे. रविवार होता म्हणलं ना."

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. जेकबकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं. डावा अंगठा ती पदराला पुसत होती, चौकीवर पुसला होता तसा. आता त्याला शाई नव्हती.

जेकब उठून उभा राहिला. त्यानं टेबलाची कड धरली.

"साहेब, शनवार होता."

"काय?"

"शनवार होता. ती खोटं बोलत नाय, माझं खोटं वागवते. आम्ही शनवार तेली. आमच्या घरात शनवारी विस्तव पेटवत नाय. ती आणते. ती आमचा विस्तव आणत होती, नि मी… मी गाडी पेटवली. लाज वाटली, म्हणून रविवार लिवू दिला. चूक माझी. तिचा हात तेवढा नीट करा."

शिपायाचं हसू गेलं होतं. साहेबानं पोलिसांनी केलेला गाडीचा पंचनामा उलटला.

"डिकीवर राखेचा पंजा आहे, असं यात लिहिलंय. बाई, पडताना हात टेकला का?"

"व्हय," हाजरा म्हणाली. "पडताना."

"आणि तुम्ही शनिवारी एवढ्या पहाटे कुठं निघाला होता?"

आता हाजरानं जेकबकडे बघितलं.

"रोह्याला," तो म्हणाला.

"कशासाठी?"

जेकबनं हाजराकडे बघितलं. बाकावर ती बसली होती, वाकडा हात मांडीवर घेऊन.

"काम होतं."

'खाजगी काम', साहेबानं लिहिलं.

बाहेर मुरादनं रिक्षा सुरू केली. जेकब एस्टी स्टँडकडे चालू लागला, तेव्हा मुरादनं रिक्षा त्याच्या पायाशी आणून उभी केली.

"चाचा, पुढं बसा. माझ्याशेजारी."

जेकब पुढं चढून बसला.

*

दावा मिटला. अलिबागच्या लोकअदालतीत तडजोड झाली, पट्टी घालण्यापुरतं मिळालं. पण त्यात फाल्गुन उजाडला. मुंबईच्या डॉक्टरनं हात सरळ केला, पण बोटं पुरती मिटली नाहीत. पेला धरता यायचा, भाकरी थापता यायची नाही. खुशनुमा बाळ घेऊन परतली नि भाकऱ्यांना बसली. हाजरा नातवाला मांडीवर घेऊन तिला सांगत राहायची, दाबू नको, थापट.

जेकबला चौकीत चार खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या खेपेला काळुरामनं त्याला दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. चहा मागवला नाही.

"सगळा मुलूख तुमच्या शनवारावर इस्वास ठेवतो, तेलीबुवा. मी माज्या हातानं लिवलं होतं," तो म्हणाला. तो रागावला होता, की दुखावला होता, जेकबला कळलं नाही. दाखला दोन महिने रखडला. तिकडं नातू झाला, आठ दिवसांचा झाला, महिन्याचा झाला. फोटो आला. रेबेकानं तो तांदळाच्या डब्यात ठेवला. तांदूळ काढताना रोज हाताला लागायचा.

एझ्राच्या पत्रात होतं, 'आई, इथं शनवारची काळजी नाही. शुक्रवारी शेगडी लावून ठेवली की ती आपोआप तापलेली राहते. कुणाची गरज लागत नाही.'

वैशाखात दाखला मिळाला. हैबतरावाच्या कागदावर जेकबनं सही केली, ती बुधवारी. पुढच्या मंगळवारी निघायचं ठरलं. फियाट विकली होती. भांडी मोडीत, फळ्या सुताराला गेल्या होत्या. त्या साऱ्या दिवसांत हाजरा त्या अंगणात आली नाही. कुणी तिला सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही.

शनवार उजाडला. घरात एक चटई, दोन बोचकी नि चूल. नवराबायको भिंतीला टेकून बसली होती. आज कोण येतं, असं दोघांच्याही मनात होतं.

अंगणातल्या खळ्यात पावलं वाजली. हाजरा आली. डाव्या हातात खापरी होती, उजवा हात खालून नुसता टेकू दिल्यासारखा. एक निखारा वाटेत पडला. तिनं वाकून तो डाव्या हाताच्या बोटांनीच उचलला नि खापरीत ठेवला. दार उघडंच होतं. ती चुलीपुढं बसली, सोडण रचलं, निखारे सरकवले, फुंकर घातली. एकदा, दोनदा. राख तिच्या नाकावर बसली. चूल पेटली.

जेकबनं बोचक्यांकडे बघितलं, मग तिच्या पाठीकडे.

"हाजरा, एक सांगायचं ऱ्हायलंय."

"नको सांगू." ती चुलीकडेच बघत होती. "मला ठावं हाय."

"कदीपासनं?"

"त्याच दिवसापासनं."

रेबेकानं पदर तोंडात धरला. चहाचं आधण ठेवायला भांडं उरलं नव्हतं, तरी चूल पेटलेली होती. हाजरानं आपला उजवा हात उजेडाकडे धरला. बोटं जेवढी मिटत होती तेवढी मिटली.

"साहेबाला मी आनखी एक खोटं सांगितलं, जेकबभाय. पडताना हात टेकला म्हणून. पडले मी मागाहून. आदी हात लावला."

"म्हंजे?"

"माझ्या मायनं विस्तव आणला, मी आणला. तुझ्या घरचा घाणा शनवारी हलला नाय, जातं फिरलं नाय. नि त्या दिवशी खळ्यात येते, तर तुझी गाडी सुरू. मी हुबीच ऱ्हायले. म्हणलं, या घरातला शनवार गेला. आता माणसंबी जाणार." तिनं हात पदराखाली घेतला. "तू मागं येत होतास. मला दिसत होतं. बाजूला व्हायचं होतं मला. पण म्हणलं, हात लावून बघू… थांबतील."